जमनाफुईचा बाजा

जमनाफुईनं एकदा चालती प्रेतयात्रा थांबवली होती.

गावातले मोतीराम आप्पा गेले, तेव्हाची गोष्ट. मंडळी आप्पांना घेऊन तापीकडे निघाली होती. फुईचं घर गावाच्या टोकाला, नदीच्या वाटेवर. ती ओट्यावर हात जोडून उभी होती. तेवढ्यात तिचं लक्ष खांदेकऱ्यांच्या पायांकडे गेलं. पुढचा एक ताडासारखा उंच, त्याच्या जोडीचा ठेंगू, आणि चौघांची पावलं चार तऱ्हेची. तिरडी नावेसारखी डुलत होती. फुई ओट्यावरून उतरली आणि सरळ वाटेत जाऊन उभी राहिली.

"थांबा रे," ती म्हणाली. "आप्पा जिता व्हता तवय त्याले गाडीना धक्का सोसे नही. आते तरी त्याले सुखे जाऊ द्या."

मुलं रडत होती, भटजी घाईत होते, पण फुईपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. तिनं उंचाला मागच्या उंचाशेजारी लावलं, मागच्या बुटक्याला पुढे ठेंगूच्या जोडीला दिलं, आणि बैलांना घालतात तसा आवाज घातला, "डावा." चौघांचा डावा पाय एकदम उचलला गेला. तिथून नदीपर्यंत आप्पा तळहातावर ठेवल्यासारखे गेले. त्या खांदेकऱ्यांतला एकजण मागाहून मला म्हणाला, की फुईनं पाय जुळवले आणि आप्पा निम्म्यानं हलके झाले.

आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात. जमनाफुई माझ्या वडिलांची थोरली बहीण. काठीसारखी सरळ, रंगानं काळीसावळी, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचणारा. लहानपणी लग्न झालं, चार महिने सासरी राहिली आणि परत आली. का आली हे घरात कुणी विचारलं नाही, तिनंही कधी सांगितलं नाही. आजोबांनी तिला गावाच्या टोकाला दोन खणांचं घर आणि नदीकाठचं थोडं शेत दिलं. ते शेत ती एकटी करायची. आणि तिला एकच वेड होतं. बेताल पाय तिला बघवत नसत.

एकदा तिनं गावातला सगळ्यांत देखणा बैल बाजारात विकला. का, तर जोडीदाराशी त्याचं पाऊल जुळत नव्हतं. माझे वडील चिडले, म्हणाले, बैल नांगराला ठेवलेत की नाचायला? पण नवी जोडी आली आणि तिचं शेत इतरांच्या आधी नांगरून झालं. नदीवरून पाणी आणणाऱ्या बायकांनाही ती सोडत नसे. एकामागे एक ओळीनं, सारख्या पावलांनी चालायला लावायची. पहिल्यांदा बायकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की पाणी सांडत नाही आणि मान दुखत नाही. पुढे फुई नसली तरी त्या तशाच चालायच्या.

मी धुळ्याहून मास्तरकीचं शिक्षण घेऊन गावच्या शाळेत लागलो, तेव्हा पायात नवे बूट घालून तिला नमस्कार करायला गेलो. तिनं मला अंगणात चालून दाखवायला लावलं आणि विचारलं, "धुयाथीन बूट लयना, नि पाय कोठे सोडी उना?" धुळ्याहून बूट आणलास, आणि पाय कुठे सोडून आलास. कुणाचंही पाऊल चुकलं की तिचा एक ठरलेला सवाल असे. "पाय कोठे शे, ध्यान कोठे शे?" शाळेतली पोरं एकमेकांना चिडवायला तेच म्हणत.

आता आमच्या बँडविषयी. कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या वर्षी पाटलांनी हौसेनं सुरतेहून पितळी वाद्यांचा एक जुना संच आणला. त्याच्याबरोबर एक मास्तर आला. त्यानं दोन चाली शिकवल्या, एक भजनाची आणि एक इंग्रजी. इंग्रजी चालीचं नाव त्यालाही माहीत नव्हतं. आम्ही तिला 'साहेबी' म्हणायचो. मग मास्तराला थंडीताप आला आणि तो सुरतेला गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून उत्तम शिंपी आमचा म्होरक्या. तो क्लॅरिनेट वाजवायचा. हिलाल मोठा ढोल वाजवायचा. त्याचं पोट आणि ढोल यांत मोठं कोण याचा वाद होता. सुकदेवकडे मोठा पितळी भोंगा, माझ्याकडे छोटा ढोल, शिवाय बिगुलवाले, झांजवाले धरून दहा-बाराजण. लग्नाच्या वरातीत आम्ही बैलगाडीत बसून वाजवायचो. बसून आम्ही फार छान वाजवायचो.

त्या वर्षी, एकोणीसशे तीसच्या आगेमागे, नंदुरबारच्या एका मारवाडी शेठजींच्या मुलाचं लग्न माघात ठरलं. शेठजी आमच्या भागातला कापूस घ्यायचे, त्यामुळे सगळ्या गावांशी त्यांचा घरोबा. त्यांनी सुरतेला पलटणीचा बाजा चालत जाताना पाहिला होता आणि तो त्यांच्या मनात बसला होता. त्यांनी गावोगाव निरोप धाडला. लग्नाच्या दिवशी सकाळी बँडांची चढाओढ होईल. प्रत्येक बँडानं नाक्यापासून शेठजींच्या हवेलीपर्यंत वाजवत, रांगेत, पाय मिळवून चालत यायचं. परीक्षा करायला सुरतेहून एक म्हातारे बँडमास्तर येणार. जिंकेल त्याला चांदीचा पेला, आणि संध्याकाळच्या वरातीत सगळ्यांत पुढे तोच बँड.

पाटलांनी निरोप वाचून दाखवला तेव्हा आमच्यात आनंदीआनंद झाला. चालायचं म्हणजे काय, चालता तर सगळ्यांनाच येतं, असं आम्हाला वाटलं.

दुसऱ्याच संध्याकाळी गावातल्या मोठ्या रस्त्यावर तालीम केली. हिलालला ढोलापलीकडचं काही दिसत नव्हतं. दहाव्या पावलाला त्यानं उत्तमच्या टाचेवर पाय दिला. क्लॅरिनेटमधून असा सूर निघाला की कुत्री पळाली. मी उत्तमला सावरायला थांबलो, झांजवाला माझ्यावर आदळला. सुकदेवला यातलं काहीच कळलं नाही. तो भोंग्यात तोंड घालून वाजवत चुकीच्या गल्लीत शिरला. भोंग्याचा आवाज लांबलांब जाताना आम्ही सगळे ऐकत राहिलो. शेवटी एकजण धावत जाऊन त्याला मारुतीच्या देवळाजवळून घेऊन आला.

दोन संध्याकाळी असंच चाललं. तिसऱ्या संध्याकाळी आम्ही नदीच्या वाटेवर तालीम करत होतो. फुई ओट्यावरून बघत होती. बघताबघता तिला ते असह्य झालं असावं. ती हातात बैल हाकायची पराणी घेऊन खाली आली.

"सामान मन्हा घरमा ठेवी द्या," ती म्हणाली. "पयले चाला. मंग वाजाडा."

एक बाई बँडाला शिकवणार, हे उत्तमला जरा लागलं. त्यानं विचारलं, "फुई, आम्ही वाजाडानं का चालानं? एक काय ते सांग."

"दळता दळता बाया गाना म्हनतस," फुई म्हणाली. "त्यास्ना हात थांबस का?"

उत्तमनं क्लॅरिनेट तिच्या हातात दिला. तिनं सगळी वाद्यं आतल्या खोलीत ज्वारीच्या कणगीशेजारी ठेवली आणि दाराला कुलूप घातलं.

मग जे सुरू झालं ते बघायला आजूबाजूच्या गावांतून माणसं यायची. कापसाची वेचणी संपत आली होती, पण झाडं उभी होती. फुईनं प्रत्येकाला एक सरी दिली आणि आपल्या सरीतून चालायला सांगितलं. झाडाला धक्का लागता कामा नये, शेजाऱ्याच्या पुढेमागे होता कामा नये. ती बांधावरून ओरडायची, "डावा, जेवना, डावा, जेवना." आमच्याकडे उजव्याला जेवना म्हणतात, जेवायचा हात म्हणून. हिलालला डावा कुठला हे कळत असे, पण उशिरा. तेव्हा तिनं बैलांच्या घुंगरमाळा सोडून आणल्या आणि आम्हा सगळ्यांच्या डाव्या पायांत बांधल्या. पाय एकदम पडले तर एकच छनक, नाहीतर कुणाचा चुकला ते सगळ्या शिवाराला कळायचं. त्या आवाजानं कुणाच्या तरी गोठ्यातले दोन बैल दावं तोडून आमच्यामागे चालू लागले. फुईनं त्यांच्याकडे बघितलं आणि हिलालला सांगितलं, त्यास्ना पाय देख, शिकी ले.

त्यानंतर डोक्यावर पाण्याचे हंडे आले. ओळीनं पाणी आणणाऱ्या ज्या बायकांना आम्ही एकेकाळी हसलो होतो त्या आता घाटावर बसून आम्हाला बघत होत्या. पहिल्या दिवशी आम्ही सगळे चिंब भिजलो. माघाची थंडी, ओले कपडे, वर बायकांचं हसणं. सुकदेव म्हणाला, आपण चांदीच्या पेल्यावर पाणी सोडू, नाहीतरी सोडतोच आहोत. पण दुसऱ्या दिवशी तोच सगळ्यांच्या आधी हजर होता. घरी बसून चैन पडेना, असं त्याचं म्हणणं. आम्हा सगळ्यांचं तसंच झालं होतं. शाळा सुटायची वेळ झाली की माझे पाय टेबलाखाली आपोआप हलायला लागायचे.

बूट-वहाणा तिनं बंद केल्या. जोडा वाजतो, पाय नाही, असं ती म्हणे. पाय जमिनीला कळला पाहिजे आणि जमीन पायाला.

एका संध्याकाळी तिनं कुलूप काढलं आणि वाद्यं बाहेर दिली. आम्ही नदीच्या वाटेवर रांगा धरल्या. उत्तमनं 'साहेबी' सुरू केली, फुईनं "डावा" म्हटलं आणि आम्ही निघालो. चार पावलं गेली, दहा गेली, वळण आलं, वळण गेलं. मी वाजवत नव्हतो, नुसता चालत होतो, आणि ढोल आपला आपण वाजत होता. हिलालचा दणका बरोबर डाव्या पायावर पडत होता. गाव घराबाहेर आलं. म्हाताऱ्या माणसांनी खाटा सोडल्या. फुई आमच्या बरोबरीनं वाटेच्या कडेनं चालत होती. अंधारून आलं तेव्हा तिनं नेहमीसारखं "बस" म्हटलं, आणि आम्ही जागच्या जागी थांबलो. रोज तसंच व्हायचं. ती बस म्हणेपर्यंत चालायचं, म्हटलं की थांबायचं.

नंदुरबारला जायच्या आदल्या दिवशी आम्ही एका गाडीत तिच्यासाठी गादी घातली आणि तिला सांगायला गेलो. ती डाळ निवडत बसली होती. आम्ही बोलून झाल्यावर ती सुपातले खडे वेचत म्हणाली, "लगीनघर शे. मी येवाव नही."

हिलालनं फार गळ घातली. पण आम्हा सगळ्यांना ती काय म्हणतेय ते कळत होतं. तिच्या तोंडावर कुणी बाई काही बोलत नसे. पण गावात कुणाकडेही लग्न असलं की हळदीकुंकवाचं ताट तिच्यापर्यंत यायचं आणि न थांबता पुढे सरकायचं. ते तिला पाठ होतं. निघताना तिनं एकेकाला ओट्यावर बसवून तळपाय बघितले. उत्तमच्या टाचेत बोरीचा काटा होता, तो सुईनं काढला. आमच्या गाड्या वळणाआड गेल्या तरी ती उभी होती.

नंदुरबारच्या नाक्यावर पोचलो आणि आमचं पाणी पाणी झालं. एका बँडाच्या टोप्यांवर तुरे होते. एका बँडाचा म्होरक्या रुपेरी दांडा हवेत उडवून झेलत होता. सगळ्यांच्या पायांत चकचकीत जोडे. आमचे उत्तमनं शिवलेले लाल कोट, पांढरे फेटे आणि खाली अनवाणी पाय. लोक आमच्या पायांकडे बोट दाखवून हसत होते. हिलालनं मला हळूच विचारलं, डावा कोणता ते एकदा सांग. मी सांगितलं.

आमची पाळी आली. उत्तम पुटपुटला, "डावा."

पहिल्या दणक्यालाच हसणारे गप्प झाले. त्या सगळ्या चकचकीत जोड्यांचा आवाज मागेपुढे होत होता. आमचा आवाज एक. दहा-बारा जणांचा मिळून एकच पाय रस्त्यावर पडत होता. बाजाराच्या वळणावर आम्ही सरीतून वळायचो तसे वळलो, कुणाचा खांदा कुणाला लागला नाही. दुकानांतून माणसं गाद्यांवरून उठून उभी राहिली. गच्चीवरून कुणीतरी फुलं टाकली, ती भोंग्यात पडली. सुकदेवनं फुंकर घालून ती परत उडवली आणि सूर सोडला नाही. पोरं बाजूनं धावत होती आणि धावताधावता त्यांचेही पाय आमच्याशी जुळत होते. मला वाटलं आता ऊर फुटणार.

हवेली आली. मांडवात शेठजी, त्यांच्या शेजारी सुरतेचे म्हातारे बँडमास्तर. इथं थांबून सलाम करायचा होता. आणि थांबायचं कसं हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

बस म्हणणारी गावात होती. उत्तमनं थांबावं असं मला वाटत होतं. उत्तमला वाटत होतं, मागून हिलाल थांबेल. हिलालला ढोलापुढचं काही दिसत नव्हतं. बँडमास्तर हात वर करून गुजरातीत म्हणाले, "ऊभा रहो, भाई, ऊभा रहो." गुजरातीत ऊभा रहो म्हणजे थांबा, हे मागाहून कळलं; उभे तर आम्ही होतोच. आम्हाला वाटलं ते कौतुक करतायत. आम्ही पाठी आणखी ताठ केल्या आणि त्यांच्यासमोरून निघून गेलो. मागे हशा उसळला. अर्धा बाजार आमच्यामागे लागला. आम्ही कापडबाजार ओलांडला, धान्यबाजार ओलांडला आणि 'साहेबी' वाजवत थेट रेल्वेच्या फाटकापर्यंत गेलो. फाटक बंद होतं. सुरतेची गाडी जात होती. तिथं आम्ही नाइलाजानं उभे राहिलो, पण पाय चालूच होते. इंजिनवाल्यानं आमच्यासाठी शिटी दिली.

परत आलो ते माना खाली घालून. बँडमास्तरांनी चांदीचा पेला तुरेवाल्या बँडाला दिला. त्यांनी नियमाप्रमाणे केलं, त्याबद्दल आमची तक्रार नव्हती. पण शेठजी उठले आणि आमच्या पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दुसरे बाजे चौकाचौकात थांबतात आणि मुहूर्त टळून जातो. आपल्याला तर न थांबणारा बाजा पायजे."

संध्याकाळच्या वरातीत सगळ्यांत पुढे आम्ही. फक्त शेठजींनी सावधगिरी म्हणून आपला मुनीम आमच्याबरोबर दिला. मांडवाशी त्यानं "बस" म्हणायचं ठरलं. त्याचा आवाज फार बारीक. दोनदा म्हटलं, आम्हाला कळलंच नाही. तिसऱ्यांदा बिचाऱ्यानं जीव तोडून म्हटलं तेव्हा कुठे आम्ही थांबलो, आणि लग्न घटिकेवर लागलं.

गावी परतलो तेव्हा दिवस कलला होता. फुईनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि वांग्याचं भरीत करून ठेवलं होतं, सगळ्यांपुरतं. जेवताना एकेकाला खोदून विचारत होती. वळणावर कुणी आत कापलं का? दगडी रस्त्यावर टाच आधी पडली की चवडा? हवेलीपुढून निघून गेलो हे सांगितलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

हिलाल म्हणाला, तू आम्हाला थांबायचं शिकवलंच नाहीस.

"थांबानं कसाले शिकाडू?" ती म्हणाली. "माणूस थकना का आपसूक थांबस."

हात धुऊन मंडळी उठली. इतके दिवस वाद्यं तिच्या घरी असायची, आल्याआल्या आम्ही ती तिथंच ठेवली होती; आता ती पाटलांकडे परत द्यायची होती. एकेक वाद्य बाहेर निघालं. आतली खोली मोकळी झाली. हिलालनं ढोल उचलला, तेव्हा फुईनं त्याची दोरी धरली होती. ती तिनं लगेच सोडली नाही.

"सकाय कवय येतस रे?" तिनं विचारलं. उद्या केव्हा येताय.

हिलालनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, फुई, चढाओढ झाली, लग्नही झालं. आता तालीम कशाची?

"ते मालूम शे माले," ती म्हणाली, आणि पत्रावळी गोळा करायला वाकली.

वाद्यं पाटलांच्या घरी ठेवून आम्ही पांगलो.

दुसऱ्या दिवशी शाळेत माझं लक्ष नव्हतं. जावं, की न जावं. गेलो आणि एकटाच असलो तर काय सांगायचं. संध्याकाळी शेवटी निघालो. वाटेत हिलाल भेटला, पाटलांकडून पुन्हा मागून आणलेला ढोल पोटावर. म्हणाला, दोरी आवळून घ्यायची होती, तिच्याकडे चांगली सुतळी आहे. पुढे उत्तम भेटला, त्यानं काहीच कारण सांगितलं नाही. सुकदेव आणि बाकीचे मागून येत होते.

आम्ही नदीच्या वाटेला लागलो आणि थबकलो. फुईच्या घरापासून पार वळणापर्यंतची सगळी वाट ओली होती. चालताना धूळ उडू नये म्हणून तिनं पाणी शिंपडून ठेवलं होतं. तापी तिथून काही जवळ नाही. आम्हाला यायचं ठरवायला सबंध दिवस लागला होता. तिनं सकाळपासूनच पाणी वाहायला घेतलं असणार.